पहारेकरी पडत नाही

—झोपलाय म्हटलं ना, मग वाकून काय बघतोस? बस त्या स्टुलावर. शिलाई मशीनच्या पायडलवर पाय नको ठेवूस, सुई चालू होते. आणि बोल, पण हळू — राणीसाहेब, तुमचा आवाज म्हणजे फुटका ढोल. हस की मेल्या! वेबसाइटवर एवढी माणसं तुला राणीसाहेब म्हणून ओळखतात, आणि मी म्हटलं की तोंड उतरतं? मिशा आलेल्या, पोट सुटलेल्या, विम्याच्या कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्या माणसाला राणीचं सोंग घ्यायला कुणी सांगितलं होतं? त्यानंच. ह्या झोपलेल्या माझ्याच कार्ट्यानं. म्हणाला, हा राणी झाला तरच मजा. झालीच मजा, नाही कुठं म्हणते मी. — आता मुद्द्याला ये. पुन्हा तेच ना? शेवटची चित्रं घेऊन आलायस ना?

आणलीस तशी घेऊन जा. मी वेबसाइटवर लावणार नाही. — कॉमिक तुम्हा चौघांचं आहे, ठाऊक आहे मला, पण कॉम्प्युटर माझ्या घरात आहे आणि मुलगा माझ्या पोटचा आहे. परवा ती नवी नर्स विचारत होती, आजी, तुम्ही त्या पडद्यासमोर एवढं काय खुडबुडत असता? सांगितलं तिला, मला कळलंय तसं. म्हटलं, एक जुना सिनेमा आहे वेढ्याचा — किल्ला, राणी, चोर, पहारेकरी — सगळं जग बघून रडलेलं. माझ्या मुलानं त्याची चित्रं एकेक करून काढली, ओळीनं मांडली, सिनेमातली भाषणं टाकून दिली आणि त्या पात्रांच्या तोंडी भलतंच बोलणं घातलं. कुणाचं? तर टेबलाभोवती बसून खेळ खेळणाऱ्या चार रिकामटेकड्यांचं. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक सोंग घेतात, आणि काही धाडस करायचं म्हटलं की वीस तोंडांचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, एक आला तर पार फजिती. सिनेमात पहारेकरी आगीकडं टक लावून बघतो, लोकांना वाटतं, बिचाऱ्याला केवढं दुःख! ह्यांच्यात तो का बघतो? फाशात एक आलाय, आणि तलवार कुठं ठेवली तेच आठवत नाही म्हणून. नर्स अशी हसली की हातातलं पाणी सांडलं. म्हटलं, हस बाई, पण पुसून घे.

नियम मला नको शिकवूस. चित्राला हात लावायचा नाही, बोलणं तेवढं आपलं — हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कापड दिलंय तेवढंच, त्यातच बेतायचं. जन्म गेला माझा लोकांचे कपडे उसवून पुन्हा बेतण्यात. शाळेची पायरी चढले नाही मी. आकडे मापाच्या टेपवरून शिकले, अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून, आणि हे बटणं बडवणं म्हातारपणी, त्याच्या उशाशी बसून. त्याचं बोट चालेनासं झालं तसं माझं चालायला लागलं. — हो, दुसरा नियमही ठाऊक आहे. फासा खराच टाकायचा, आणि जे पडेल ते छापायचं. तुम्ही चौघं ह्याच खोलीत टाकायचात की! तिकडं मी काज-बटणं करत बसलेले, आणि तुमचा गोंधळ. ह्याचं सोंग पहारेकऱ्याचं, आणि हात असा करंटा की बघावं तेव्हा एक. एक्का नाव पाडलंत तुम्ही त्याचं. आणि एक पडला की हा असा खूश, जसं काही घबाड मिळालं! मी म्हणायचे, अरे, कधी तरी जिंक. तर म्हणायचा, आई, जिंकणाऱ्याला कोण हसतं?

— काय म्हणालास? पुन्हा बोल. पहारेकऱ्याला एक पडलाच नाही? कधीपासून? — असेल. नशीब पालटतं माणसाचं. खंदक त्यानं पार केला, चौकी त्यानं जिंकली, घोडा त्याला वश झाला, तुझ्या का पोटात दुखतंय? राणीला मागं टाकलं म्हणून? हे बघ, हात चालत नसला तरी फासा तोच टाकतो. मी त्याच्या तळव्यात ठेवते, मनगट धरून हात रजईवर पालथा करते, पडतो फासा. मला दिसतं, चष्मा आहे मला. — आणि बोलणं माझं आहे, असं तुला कशावरून वाटलं? — 'नाचता येईना अंगण वाकडं'? पहारेकरी म्हणाला? — बरं, म्हणाला असेल. मग? माझ्या घरात वाढलाय तो, माझ्या म्हणी त्याच्या तोंडी येणार नाहीत तर काय शेजारणीच्या येतील?

बरं, माझं आहे बोलणं. झालं समाधान? आधी मी अक्षरं म्हणायचे, हवं ते आलं की तो पापणी मिटायचा. एका विनोदाला अख्खी दुपार. पण विनोद असा की मी 'ज्ञ'पर्यंत पोचायच्या आत मलाच हसू फुटायचं आणि हा वैतागायचा, कारण अक्षर निसटायचं. मग दम लागायला लागला त्याला. आता एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही, एवढीच भाषा उरलीय आमची. तेव्हा शब्द कुणी घालायचे रे? तू? तू उगवतोस ते फळं घेऊन, जी त्याला गिळता येत नाहीत. दुसरा जिन्यावरूनच हात हलवतो. तिसऱ्याला दवाखान्याच्या वासानं गरगरतं म्हणे. मला नाही गरगरत.

आणि वाचकांचं काही सांगू नकोस. कंटाळले म्हणतात ना? पहारेकरी कितीक पानं तटावर दोर धरून उभा आहे, पुढं सरकतच नाही, असंच ना? कंटाळू देत. फुकट वाचतात वर नाकानं कांदे सोलतात. — वाचकांसाठी नाही आलास? मग कुणासाठी? — कोण म्हणालं? डॉक्टर? — तुला म्हणाला? कधी? — म्हणजे इथं माझ्यासमोर नाडी बघून 'ठीक आहे आजी' म्हणायचं, आणि खाली जिन्यात मित्राला गाठून खरं बोलायचं! मी काय काचेची आहे? — बोल ना पुढं. पुन्हा छाती भरली तर — हं. तर हलवू नका, त्रास देऊ नका. इथंच. — कळलं. मला सांगायला नको. रोज अंग पुसते मी त्याचं, फासळ्या माझ्या हाताखालून जातात. आता तो कागदासारखा हलका झालाय रे, एका हातानं कुशीवर वळवते.

म्हणून तुला घाई. शेवट त्याला ऐकू दे म्हणतोस. त्याच्यासमोर पूर्ण होऊ दे. मोठा शहाणा! शेवट काय आहे, माहितेय ना? सगळे दोरावरून खाली उतरतात, राणी उतरते, चोर उतरतो, आणि वर दोर धरून राहिलेला पहारेकरी पडतो. तटावरून. मी पाहिलाय तो सिनेमा, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. मी रडले नव्हते, पण सारं थेटर नाक ओढत होतं. ते चित्र मी लावू? आणि वरून तुम्ही फासा टाकणार! वीस पडला तर वाचेल का तो? नाही ना? चित्र तर पडल्याचंच! मग फासा टाकता कशाला? — काय म्हणे? फासा पडायचं की नाही ते नाही ठरवत, कसं पडायचं ते ठरवतो? वा! विम्याच्या कचेरीत हेच शिकवतात वाटतं.

नाही. तटावर उभा आहे, उभाच राहील. रोज तेच चित्र लावीन, रोज नवं बोलणं. आकडा मोठा येईल, दोर सुटणार नाही. अर्धं शिवलेलं कापड मशीनवरून कुणी उतरवतं का? — उतरवतात, बोलू नकोस, मला माहितेय. गिऱ्हाईक गेलं की उतरवतात.

आणि त्याला आवडतं. प्रत्येक पान वाचून दाखवते मी. ओठाचा हा डावा कोपरा आहे ना, तो हलतो. एवढासा. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, मला कळतो. — परवा? परवा नाही हलला. हल्ली दमलेला असतो. मी वाचायला घेतलं की डोळे मिटून घेतो, झोप लागते लगेच. — पहिल्याच ओळीला, हो. — आधी नाही लागायची. आधी रात्र झाली तरी 'अजून' म्हणून बघत राहायचा. मी फासा फिरवला त्या दिवसापासून हे —

काय बघतोस? काय म्हणाले मी? — सरळ केला म्हटलं. — फिरवला! हो, फिरवला, मग? डॉक्टर नुकता जिना उतरला होता, त्याच्या बुटांचा आवाज अजून येत होता, आणि इथं रजईवर एक पडलेला, उताणा, माझ्याकडं बघत. मी बोटानं फिरवला. एकोणीस लिहिलं. ह्याच्या डोळ्यांदेखत. ह्यानं पापणी मिटली, दोनदा. मग पुन्हा दोनदा. म्हटलं, डोळ्यात काही गेलं असेल. — थेंब घातले मी त्याच्या डोळ्यात. धरून घातले.

नको, पाणी नको मला. तुझा हात काढ. — काय? कुठं बघू?

अरे. — अरे, तू जागा? कधीपासून? आणि मी मेली इथं तोंडाचा पट्टा सोडून बसलेय. ऐकलंस? — सगळं? — एकदा मिटली. बघितलंस, हो म्हणतो. आईचं सगळं ऐकलंन, मुकाट पडून. लहानपणापासून हीच खोड.

बरं. मग आता ह्याच्यासमोरच विचारते, म्हणजे नंतर तुमच्यापैकी कुणी म्हणायला नको की म्हातारीनं ह्याचं उत्तर गिळलं. ऐक बाळा. हे तुझे राणीसाहेब आलेत, शेवटची चित्रं घेऊन. पहारेकऱ्याच्या हातून दोर सुटतो, ते. लावायचं? — घाई नाही. — खोटा फासा नाही आता. जो पडेल तो. लावायचं का?

मिटली.

थांब, तू बोलू नकोस. हल्ली वेळ लागतो त्याला. दुसऱ्यांदा मिटेल आता. थांब ना जरा. — पापण्या जड होतात रे त्याच्या, एक मिटली की दुसरीला दम घ्यावा लागतो — मिटेल —

नाही. उघडेच आहेत. माझ्याकडंच बघतोय.

ऊठ तू. चित्रं कॉम्प्युटरवर चढव आणि बाजूला हो. नाही, बसू नकोस तिथं, बोलणं तू नाही लिहायचंस. मीही नाही. पडताना तो काय म्हणतो ते त्यालाच ठाऊक. मी अक्षरं म्हणते, तो निवडेल. लागू दे दुपार लागली तर, उद्याचीही लागू दे. — थांबू का, काय विचारतोस? काही नको थांबायला. काकू-काकू करू नकोस, जा. आणि रडायचं असेल तर खाली जिन्यात रड. इथं नाही. त्याला दिसतं.