समेवर न आलेला हात

एकवीस नोव्हेंबर एकोणीसशे नव्याण्णव, रविवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या काकाने दोन वर्षांनंतर पखवाजावर हात ठेवला. मी नोंद केली होती, म्हणून इतके नेमके सांगते. आमचे घर किन्हवलीचे, भातशेतीचे. बाबा थोरले, काका धाकटा, भजनी मंडळाचा पखवाजी. काकी वारली आणि काकाचे बोलणे, वाजवणे दोन्ही थांबले. मी मुरबाडला बी.एस्सी. करून मुंबईत मानसशास्त्र शिकत होते, संगीतोपचारावर प्रबंध लिहायचा होता, आणि काय सांगू तुम्हाला, माझ्याइतकी हुशार तालुक्यात कोणी नाही असे मला वाटे.

पद्धत साधी होती. ठरलेला ताल नाही, म्हणून चूकही नाही. काकाने सुचेल ते वाजवायचे, मी टाळांनी उत्तर द्यायचे, तो धावला तर धावायचे, थांबला तर थांबायचे. आत्या म्हणायची, एवढं शिकली नि टाळ कुटत बसली गो. आधी आणि नंतर मी त्याची नाडी मोजायची. शंभरावरून ती ऐंशीच्या आत यायची. सुरुवातीला तो नुसता बडवायचा, त्यातला संताप मला ऐकू यायचा. मग मधे जागा सुटू लागल्या, आणि उन्हाळ्यात एकदा तो हात उचलून माझ्याकडे बघत राहिला, म्हणजे आता तू. हे सगळे मी टेप केले होते. बाबांनी मागितली तेव्हा कॅसेट आनंदाने दिली.

शेत दोघा भावांच्या नावावर, बाबांना ते विकायचे होते, काका मान हलवून नको म्हणायचा. मी मुंबईत असताना बाबांनी भावकी बसवली आणि कॅसेटची फक्त सुरुवात लावली. आमची भावकी सगळी भजनी. ताल फिरून ज्या मात्रेवर येतो त्या समेवर हात आला नाही, तर यांच्या कानाला तो माणूसच बिघडलेला. हा आपला पखवाजी नाय, ह्याचं डोकं गेलं, असे ठरले. काकाला दूरच्या मनोरुग्णालयात नेऊन ठेवले. मी भांडले, तर बाबा भात कालवता कालवता म्हणाले, टेप तुझीच हाय गो पोरी, आमी पदरचं काय नाय बोललो.

शेत गेले. प्रबंध मी पुरा केला नाही. काकाला घरी आणायचे तर सही बाबांची लागते, ती ते देत नाहीत. म्हातारे झालेत, देव त्यांना सुखी ठेवो. मी त्यांच्या घरचा चहा घेत नाही. काकाकडे मात्र जाते. मागच्या खेपेला टाळ नेले, वाजवले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, सवयीने मनगट तेवढे पुढे केले.

नाडी एकशे अठरा.