घरपट्टीत पाणी मुरतंय

...नाही, कर वाढवायला माझी ना नाही, तुम्हाला सांगतो, पण कर वाढवायला येणारा माणूस हसत कशाला येतो? जरा चेहरा पाडून आला असता तर मी समजू शकलो असतो. हा राज्य सरकारचा साहेब आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात शिरला तोच असा खुशीत, जणू आम्हालाच काही द्यायला आलाय... मी शेजारच्या बेकरीवाल्या सदस्याला कोपरानं ढोसलं, म्हटलं, लिहून घे, इथं पाणी मुरतंय.

आता माझा धंदा कुलपांचा. किल्ली हरवलेल्या माणसाचं दार उघडून द्यायचं, पण त्याआधी हे दार खरंच त्याचंच ना, हे ताडून घ्यायचं. संशयावरच पोट भरतोय मी इतकी वर्षं. लोकांनी नगरपालिकेत निवडून दिलं ते काय माझं रूप बघून?

तर साहेब म्हणाला, "घरपट्टी तुम्हीच गोळा करायची हं. फक्त तिच्यात शाळांसाठी राज्याचा एक छोटासा हिस्सा धरायचा. तो आमच्याकडे पाठवायचा, मग आम्ही सगळ्या गावांच्या शाळांना गरजेप्रमाणे वाटू." आवाज असा, सुई टोचण्याआधी नर्स बोलते ना, तस्सा.

मी उठलो. "साहेब, घरं आमची, वसुली आमची, शिव्या आमच्या अध्यक्षांनी खायच्या, आणि पैसे तुमच्याकडे? तिकडं काय करायला जाणार ते, हवा खायला?"

"एकत्र केले की सगळ्यांना पुरतात."

"आणि कुणाची गरज किती, हे कोण ठरवणार?"

"त्याचं एक सूत्र आहे."

सूत्र म्हणे. तुम्हाला सांगतो, साध्या वाटणीला माणूस सूत्र म्हणायला लागला, की पाणी मुरतंयच. आमच्या अध्यक्षांचं कापडाचं दुकान, ते कानात म्हणाले, "आपण अख्खा तागा पाठवायचा आणि परत येणार हातरुमाल." केला आम्ही विरोधाचा ठराव, एकमतानं. साहेबानं तो हसत हसत बॅगेत घातला, आणि कर लागू झाला.

घरी आलो तो धुमसतच. आमची बायको नगरपालिकेच्याच शाळेत शिकवते. ती पंख्याखाली मुलांच्या भिजलेल्या वह्या वाळत घालत होती. मी सगळी हकीकत सांगितली, शेवटी म्हटलं, यात कुठंतरी पाणी मुरतंय.

"माझ्या वर्गात मुरतंय," ती म्हणाली. "छतातून, फळ्यामागच्या भिंतीत. एका हातात छत्री धरून मी फळ्यावर लिहिते. तुमचा ठराव एवढा एकमतानं झालाय, तर तोच अंथरा ना पत्र्यांवर."

शाळेचं छत दर सभेत विषयाला यायचं, आणि निधी नाही म्हणून आल्या पावली परत जायचं, हे खरंच. पण मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तर म्हणते, "असेल. तत्त्व कोरडं असतं, त्याला काय होतंय?"

बरं, मग पुढं काय झालं असेल? पैसे बुडाले? अहो, बुडाले असते तर मी सुखानं झोपलो असतो. पैसे आले. पाठवले त्याच्या दुप्पट आले. अख्खी सभा टाळ्या पिटतेय आणि मी एकटा घामाघूम... दुप्पट का? कोण देतं असं? बेकरीवाला म्हणाला, "अरे, आता तरी हस." म्हटलं, बाबा रे, एक पाव मागितल्यावर तू दोन कधी देतोस? शिळे असले की.

छत झालं. मी शिडी लावून स्वतः वर चढलो, एकेक स्क्रू पिळून बघितला. घट्ट. पाऊस सुरू झाल्यावर वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो. बाहेर धो धो, आत मुलं कोरडी, बायको दोन्ही हात मोकळे सोडून शिकवतेय, आणि मी मान वर करून बसलेला. थेंब नाही. एक मुलगी म्हणाली, "बाई, ते काका काय शोधतायत?" बायको म्हणाली, "गळती. सापडत नाहीये म्हणून कष्टी आहेत."

आणि मग साहेब परत आला. हसतच.

"अभिनंदन. तुमची शाळा आता सुस्थितीत आली. त्यामुळे पुढच्या वर्षापासून तुम्ही फक्त पाठवायचं. ज्यांची छतं गळतायत, त्यांना मिळेल."

मी टेबलावर हात आपटला. सापडलं होतं हो! म्हटलं, अध्यक्ष, बघा, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो की नाही, पाणी मुरतंय म्हणून? सगळे माना डोलवायला लागले, बेकरीवाल्यानं तर पाठ थोपटली. तेवढ्यात मागून बायको उठली. शाळेतर्फे तिला बोलावलेलं.

"मग मिळू द्या की त्यांना," ती म्हणाली. "तिकडंही कुणीतरी छत्री धरून शिकवत असेल. आणि आपलं छत कुणाच्या घरपट्टीतून झालं, असं वाटतं तुम्हाला?"

मी ते वाक्य कुलपासारखं उलटंपालटं करून बघितलं, कुठून उघडतंय का. नाही उघडलं.

म्हणून भरली यंदाची घरपट्टी, शाळेच्या हिश्श्यासकट, पहिल्याच दिवशी. खिडकीपाशी मी, आणि माझ्या मागं बायको. म्हटलं, तू कशाला आलीस? म्हणाली, "सहज." सहज कसलं डोंबल... पावती हातात पडेपर्यंत जागची हलली नाही. वर ती पावती माझ्याकडून घेतली, उजेडात धरली, उलटी करून मागची बाजू बघितली. एवढ्या वर्षांच्या संसारात माझं एकही म्हणणं हिला पटलं नाही, तुम्हाला सांगतो, आणि माझ्याकडून उचलला तो नेमका संशय.