घोडा, फुलपात्र आणि मोहनचा खांदा

पुरुषोत्तम : ...आणि आता हे जे सांगतो ना, त्यावर कोणी म्हणजे कोणी विश्वास ठेवणार नाही. मी स्वतः तिथे नसतो तर मीही ठेवला नसता. केनिलवर्थच्या पबमध्ये आमचा बँड ऐन रंगात आलेला, डेरेकने सूर लावलाय, मी गिटार मांडीवर आडवी घेऊन बसलोय, आणि दारातून घोडा आत आला.

अपूर्व : घोडा?

पुरुषोत्तम : पांढराशुभ्र. तीन गाणी उभ्याने ऐकली. चौथ्यात ड्रमचा सोलो सुरू झाला, तसा तोंड फिरवून निघून गेला. कानाचा पक्का!

सुलक्षणा : कुत्रा होता.

पुरुषोत्तम : मोठा होता पण.

सुलक्षणा : मोठा कुत्रा होता. बारवरच्या बाईचा. तो रोजच येतो तिथे. अपूर्व, चहात आलं चालेल ना रे?

अपूर्व : चालेल काकू. पण मी फार थांबत नाही, नुसती ही बास गिटार ठेवायला आलो. बाहेर तुमचे शेजारी मोहनकाका गाडी धूत होते, त्यांनीच माझ्या डिकीतून काढून आत आणून दिली. फ्लाइटमध्ये एवढं धूड कुठे नेऊ?

पुरुषोत्तम : म्हणजे पुण्याला परत जायचं ठरलं?

अपूर्व : ऑल्मोस्ट. मॅनेजर दोन वर्षांचं एक्स्टेन्शन देतोय. सोमवारी आन्सर द्यायचंय. नो म्हणणार आहे.

पुरुषोत्तम : पद्माकरला कळवलंस? वर्गमित्र म्हणून तुझा बाप आधी माझ्यावर डाफरेल.

सुलक्षणा : काम आवडत नाही का तुला?

अपूर्व : काम मस्त आहे काकू. वीकेंडचं काय करू? मिल्टन कीन्समध्ये एका राउंडअबाउटवरून दुसऱ्या राउंडअबाउटवर गाड्या फिरतात, माणूस दिसतच नाही. गेल्या शनिवार-रविवारात मी एकच वाक्य बोललो. सुपरमार्केटात टिलवर पैसे घेणाऱ्या बाईने पॉइंट्सचं कार्ड विचारलं, मी म्हटलं, नो, थँक्स. सोमवारी ऑफिसात तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.

पुरुषोत्तम : हं.

सुलक्षणा : हं काय नुसतं?

पुरुषोत्तम : विचार करतोय. तर अपूर्व, आमचा बँड म्हणजे ‘रिंग रोड रेबेल्स’. अमेरिकेतलं सदर्न रॉक आणि कंट्री म्युझिक. डेरेक गातो. दिवसा बस चालवतो आणि संध्याकाळी काउबॉयची हॅट घालतो.

अपूर्व : इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत सदर्न रॉक?

पुरुषोत्तम : अरे, सदर्न म्हणजे दक्षिणेचं. मी कोल्हापूरचा. या अख्ख्या शहरात माझ्याइतका दक्षिणेचा काउबॉय दाखव एक! लेस्टरला कार्यक्रम होता, आणि तारांवर फिरवायची माझी नळी घरीच राहिली. समोर दोनशे माणूस!

सुलक्षणा : चाळीस. त्यातले निम्मे आपलेच.

पुरुषोत्तम : चाळीस, पण दोनशेंचा गलका करणारे. मी काय केलं? हिच्या डब्याच्या पिशवीतून स्टीलचं फुलपात्र काढलं आणि तेच तारांवरून फिरवलं. असा विव्हळला सूर, की पहिल्या रांगेतला म्हातारा ढसाढसा रडला. टेक्ससचा होता. म्हणतो, डॉक्टर, हे यंत्र मिळतं कुठे?

सुलक्षणा : इथल्याच वॉल्सॉलचा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांत थेंब घातले होते. फुलपात्राचं मात्र खरं आहे हं. पोचा आलाय त्याला. बघ, त्यातच तुला पाणी दिलंय.

अपूर्व : काकू, तुम्हीपण जाता यांच्याबरोबर?

सुलक्षणा : मग व्हॅन कोण चालवणार? आणि डेरेकच्या मागे गातेही. हे पडले भूल देणारे डॉक्टर. जन्मभर लोकांना झोपवलं, अजून हाताची सवय गेलेली नाही. कुणीतरी जागं ठेवणारं नको?

पुरुषोत्तम : ऐकलंस? लग्नापासून हेच. पण तू वेळेवर आलास बाबा. बँड बुडतोय.

अपूर्व : का? काय झालं?

पुरुषोत्तम : आमची बास वाजवणाऱ्या मोहनचा खांदा. पार आखडलाय. हात वर जात नाही, बासचा पट्टा अडकवला की कळवळतो बिचारा. येत्या शनिवारी रेल्वे क्लबात कार्यक्रम आहे. आता बासशिवाय बँड म्हणजे काय, ते तूच सांग. कॉलेजात वाजवायचास ना?

अपूर्व : बास नसली की सगळं हवेत तरंगतं.

पुरुषोत्तम : तरंगतं! डेरेकने तर परवा हॅट काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, डॉक, बंद करू या.

सुलक्षणा : बिस्किट घे रे.

अपूर्व : शनिवारपुरतं म्हणताय ना काका?

पुरुषोत्तम : खांदा म्हणजे चिवट दुखणं. डॉक्टर म्हणून सांगतो. कधी वर्ष लागतं, कधी दोन.

अपूर्व : दोन वर्षं.

पुरुषोत्तम : फार वाईट खांदा आहे.

अपूर्व : पण मला कंट्रीमधलं काहीच येत नाही. आम्ही कॉलेजात नुसता आरडाओरडा करायचो.

पुरुषोत्तम : मग झालं तर, अर्धं येतंच तुला. दर शनिवारी सकाळी इथे गॅरेजमध्ये प्रॅक्टिस. आधी साबुदाण्याची खिचडी, मग वाद्यं. डेरेकचा गळा खिचडीशिवाय उघडत नाही.

सुलक्षणा : खिचडी चतुर्थी असेल तरच. एरवी मिसळ. पाव तो घेऊन येतो.

अपूर्व : काकू, मोहनकाकांना खरंच इतकं दुखतं?

सुलक्षणा : चहा गार होतोय तुझा.

(अपूर्व बास पिशवीतून काढतो, पट्टा खांद्यावर अडकवतो आणि एकेक तार लावू लागतो.)

पुरुषोत्तम : ती जाडी तार उतरलीय.

अपूर्व : हो, ऐकू येतंय. काका, मघाशी मोहनकाकांनी ही बास डोक्यावर धरून आणली. कुंपणावरून. एका हाताने.

पुरुषोत्तम : औषध लागू पडत असेल.

अपूर्व : आणि काकू, तुम्ही घोड्याचा कुत्रा केलात, दोनशेंचे चाळीस केलेत, खिचडीचीसुद्धा मिसळ केलीत. मोहनकाकांचा खांदा मात्र आखडलेलाच ठेवलात.