पंख्याच्या दोरीचं भोक

(जुन्या सरकारी कचेरीचा वरच्या मजल्यावरचा व्हरांडा. खाली अंगणात गवंडी काम करतोय.)

इंजिनिअर : काका, हे भोकही सांडपाण्याचंच ना? आज सगळी बुजवायचीयत.

शिपाई : डोक्याच्या वरून कुठलं सांडपाणी वाहणार, मॅडम? हात वर करा. बोट फिरवा आतून.

इंजिनिअर : अगंबाई, पितळी कडी आहे! खालून खाच पडलीय. कशानं?

शिपाई : दोरीनं. आत छताला कापडाचा पंखा, त्याची दोरी इथून बाहेर. इथं बसून माझे पणजोबा ती ओढायचे. सव्वीस वर्षं.

इंजिनिअर : म्हणजे साहेबांची सगळी गुपितं कानावर!

शिपाई : म्हणून तर बहिराच माणूस ठेवायचे.

इंजिनिअर : पणजोबा बहिरे होते?

शिपाई : छे हो! चांगले तिखट कानाचे. पण घरात चूल पेटत नव्हती. घेतलं सोंग. पाठीमागे परात आपटून परीक्षा घेतली म्हणे, पठ्ठ्यानं पापणी हलवली नाही.

इंजिनिअर : आणि सव्वीस वर्षं पचलं?

शिपाई : एकदा पंचाईत झाली. माझी आजी तेव्हा सहा वर्षांची. जिन्यावरून ओरडतच आली, "बाबा, मला भाऊ झाला!" आणि साहेब दारात उभा.

इंजिनिअर : मग?

शिपाई : मग काय? वळले तर नोकरी गेली. तिनं तीनदा हाक मारली. हे आपले भिंतीकडे बघतायत.

इंजिनिअर : बिचारी. किती लागलं असेल तिला!

शिपाई : रडायलाच आली होती. तेवढ्यात दोरी अशी भराभर हलायला लागली, की आत टेबलावरचे कागद खोलीभर उडाले. साहेब धावला ते गोळा करायला. आजीला काय कळायचं ते कळलं.

इंजिनिअर : आणि मी अहवालात 'सांडपाणी' लिहून मोकळी झाले! मला कुणी सांगितलं कसं नाही?

शिपाई : कुणी विचारलंच नाही. बाकीच्या खोल्यांच्या पंख्यांची बुजवा हवं तर. हे एवढं राहू द्या, मॅडम. त्यांचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे.

इंजिनिअर : हेच का? सगळी राहतील. अहो गवंडीदादा! सिमेंट कालवू नका! ...वळतसुद्धा नाहीत. ऐकू गेलं नाही वाटतं.

शिपाई : गेलं, मॅडम. थापी खाली ठेवली बघा.