चांगुणाबाईंचा पुरावा

तुम्ही हसाल, पण तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून परवा कुळगावच्या बाजारात माझीच परीक्षा झाली. बारवी धरणाकडच्या वाडीवरून रानभाजी विकायला येणाऱ्या चांगुणाबाईंना नवा हवालदार दरडावत होता, "आधार दाखव. तू बांगलादेशी नाहीस कशावरून?"

कार्ड घरी होतं. "मग चल चौकीवर," तो म्हणाला. भरली टोपली टाकून बाई जाणार कशी?

मी मध्ये पडलो. "साहेब, कारण न सांगता असं कुणालाही नेता येत नाही. संविधानात कलम..." आणि नेमका आकडाच आठवेना!

चांगुणाबाईंनी शेवळांची जुडी त्याच्यापुढे धरली. "सायेब, ही भाजी शिजवायची कशी?"

"कांदा, तेल, मीठ. काल बायकोने केली होती. अजून घसा खाजतोय."

आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या. चांगुणाबाई म्हणाल्या, "त्यात काकडाची आंबट फळं घालायची असतात, हे इथलं शेंबडं पोरगंपण सांगेल. सायेब, तुम्ही कुठले?"

"लातूरचा." तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, "मावशी, थोडी काकडं द्या ना."

मावशींनी हात पुढे केला. "आधी आधार दाखवा."