जाऊबाईंच्या माहेरचा बुरूज

काय सांगू, त्या बुरुजापायी माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता! थोरल्या जाऊबाईंचं माहेर देवळीजवळ. तिथल्या गढीचा बुरूज मंजूला दाखवायचं ठरलं, आणि माझी चार वर्षांची पोर मला सारखी वरून पडतानाच दिसायला लागली. मी चांगली बी.ए. झालेली, पण सकाळी परकराची नाडी काढून एक टोक तिच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला. एसटीभर लोक हसत होते आणि मी "पडशील हं, पडशील" करत होते.

गढीवर पोचल्यावर मी नाडी घट्ट धरून जाऊबाईंना विचारलं, "बाई, बुरूज कुठे आहे?"

"अवं, त्याच्यावरच तं उभी हायेस तू!"

खाली पाहिलं, तर गुडघाभर उंचीचा पांढऱ्या मातीचा ढिगारा.

"आणि बाकीचा?"

"बाकीचा घरोघरी हाये ना! ही माती धाब्याच्या छतावर टाकली का पाणी गळत नाई. साऱ्या गावानं खणून नेली. अर्धा बुरूज तं आमच्याच सैपाकघरावर असंन."

मी हसत हसत बुरुजावरच बसकण मारली. मंजूनं नाडी ओढली आणि गंभीरपणे विचारलं, "आई, मग मी आता सैपाकघरावरून पडू का?"