जिन्यातले थिनरचे डबे

मुद्द्याला मुद्द्यानेच उत्तर द्यावं म्हणतात ना? म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या अन्नपूर्णा भागातल्या बिल्डिंगच्या मीटिंगला यावं. सेक्रेटरी पुराणिकजींचं सियागंज बाजारात रंगाचं दुकान आहे. तिथे न मावलेले थिनरचे डबे त्यांनी आमच्या जिन्यात रचून ठेवलेत. मी उभा राहून विचारलं, "आग लागली तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली कशा उतरणार?"

"भिया, तुम्हा पेपरवाल्यांना सगळं निगेटिवच दिसतं."

"माझं सोडा. काकू कशा उतरणार?"

"आजवर लागली का आग?"

"लागली नाही म्हणून लागणारच नाही?"

"म्हणजे मी काय लोकांना जाळायला बसलोय? शेजारच्या बिल्डिंगीत जिन्यात सिलिंडर ठेवतात, तिथे जाऊन बोला ना!"

"त्यांच्या सिलिंडरने आपला जिना मोकळा होतो का?"

लोक मोबाइल बघायला लागले. तेवढ्यात ऐंशीच्या काकूच काठी टेकत उठल्या.

"पुराणिक, राहू दे रे डबे. आग लागली तर म्हातारीसाठी कोणी येवो न येवो, मालासाठी तू तरी धावत येशील."

सगळे खो खो हसले. मला वाटलं, संपला माणूस.

पुराणिकजींनी वाकून काकूंना नमस्कार केला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? खुद्द काकू म्हणतायत, राहू दे. आता बुजुर्गांचा शब्द मोडायचा का?"

टाळ्या पडल्या. डबे आहेत तिथेच आहेत. इतकी वर्षं मंत्र्यांना प्रश्न विचारत आलो; आता ती मला सरळ माणसं वाटायला लागलीत.